छेदात कोण आहे? लोकसंख्या आणि आरोग्याच्या संज्ञा मराठवाड्यात वापरताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात नव्याने रुजू झालेल्या आरोग्यसेविका ताई बी.ए.ला भूगोल शिकल्या आहेत. जन्मदर, प्रजनन दर, लिंग गुणोत्तर, घनता यांच्या व्याख्या त्यांना पाठ आहेत. पण मासिक अहवाल भरायला बसलं की व्याख्या आणि आकडे जुळत नाहीत. लसीकरण कधी 118 टक्के येतं, कधी 70. ग्रामपंचायतीच्या फलकावर गावाचं लिंग गुणोत्तर 1,500 लिहिलेलं असतं, आणि जिल्ह्याचं मात्र काळजी करण्यासारखं. यातलं खरं काय धरायचं आणि या संज्ञा कामात कशा वापरायच्या, हे त्यांना हवं आहे.

ताई, तुमच्या व्याख्या बरोबर आहेत. यातली जवळपास प्रत्येक संज्ञा म्हणजे एक अपूर्णांक आहे, वर अंश आणि खाली छेद. अंश आपण जपून मोजतो, कारण बाळ समोर असतं, मृत्यूची नोंद करावीच लागते. छेद मात्र मागच्या वर्षीच्या कागदावरून उचलतो. आणि मराठवाड्यात हा छेद बारा महिने एका जागी राहत नाही. दसरा-दिवाळीला कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, बाहेर पडतो, पाडव्याच्या आगेमागे परत येतो. मधले पाच-सहा महिने तुमच्या रजिस्टरमधली निम्मी घरं कुलूपबंद असू शकतात. म्हणून कुठलाही दर हातात आला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: छेदात कोण धरलंय, आणि कोणत्या तारखेला?

सुरुवात जनगणनेपासून करू, कारण बाकी सगळे छेद तिथून निघतात. 2011 च्या जनगणनेची प्रत्यक्ष मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली आणि संदर्भ क्षण 1 मार्चच्या मध्यरात्रीचा होता. नियम असा होता की माणूस त्या वीस दिवसांत थोडा वेळ जरी आपल्या नेहमीच्या घरी असेल तर तिथे मोजायचा, आणि पूर्ण काळ बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे. आता फेब्रुवारी म्हणजे साखर कारखान्यांच्या गळीत हंगामाचा भर. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून गेलेलं जोडपं तेव्हा सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर असतं. नियमाप्रमाणे ते तिथे, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) मोजलं जातं. तुमच्या गावाच्या लोकसंख्येत ते नाही. पण मे महिन्यात त्याच बाईची गरोदरपणाची नोंद तुम्ही करता. अंशात ती आली, छेदात ती नव्हती. दर फुगला. मराठवाड्यातल्या स्थलांतराच्या गावांत जनगणनेवर काढलेला प्रत्येक दर हा धोका पोटात घेऊनच येतो.

दुसरा धोका जुनेपणाचा. तुमच्या अहवालातली लोकसंख्या 2011 च्या आकड्याला ठरावीक वाढीने गुणून काढलेली असते. 2001 ते 2011 या दशकात महाराष्ट्र 15.99 टक्क्यांनी वाढला, पण ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात माणसं येतात, बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्तीवरून जातात. दोघांना एकच टक्का लावला की एकाची लोकसंख्या कमी धरली जाते, दुसऱ्याची जास्त.

आता तुमचे 118 टक्के. लसीकरणाच्या टक्केवारीत छेद म्हणजे अपेक्षित बालकं, आणि ती प्रत्यक्ष मोजलेली नसतात, काढलेली असतात. हिशोब असा. उपकेंद्राची लोकसंख्या 5,000. जन्मदर म्हणजे वर्षात हजार लोकसंख्येमागे किती जिवंत जन्म. नमुना नोंदणी पद्धतीप्रमाणे (निवडक गावं-वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) 2020 मध्ये महाराष्ट्राचा जन्मदर 15 होता. म्हणजे वर्षाला 75 जन्म अपेक्षित. गर्भपात आणि मृतजन्म धरून त्यात दहा टक्के वाढवायचे, म्हणजे साधारण 83 गरोदर माता. कुठल्याही एका दिवशी रजिस्टरवर त्याच्या निम्म्या, 41-42 असाव्यात. जन्मलेल्या 75 पैकी एखादं बाळ वर्षाच्या आत दगावतं, म्हणून लसीकरणासाठी 74 धरायचे. तुम्ही प्रत्यक्षात 87 बाळांना लस दिली की झाले 118 टक्के. काम खोटं नाही, छेद खोटा आहे. 70 टक्के आले तेव्हाही काम कमी पडलं असंच नाही, ती बाळं कदाचित फडावर आहेत. तिथल्या उपकेंद्राने त्यांना लस दिली का, हे माता-बाल संरक्षण कार्डाशिवाय कळणार नाही. म्हणून गाव सोडताना कार्ड घरच्या पेटीत न ठेवता सोबत न्यायला सांगा, आणि परत आल्यावर कार्डावरची तारीख रजिस्टरला उतरवा. कार्ड नसेल तर आईच्या आठवणीवर ‘पूर्ण’ असं लिहू नका.

यावर उपाय एकच, आणि तो कष्टाचा आहे. वर्षातून दोनदा घरोघरी यादी करायची. एक गणपतीच्या सुमारास, कोयता निघायच्या आधी. दुसरी अक्षय्य तृतीयेच्या आसपास, सगळे परतल्यावर. प्रत्येक कुटुंबासमोर तीन रकाने ठेवायचे: इथले आणि इथेच असलेले, इथले पण बाहेर गेलेले (कुठे आणि कोणत्या मुकादमाकडे), बाहेरचे पण इथे आलेले. तिसऱ्या रकान्यात वीटभट्टीवरची, रस्त्याच्या कामावरची, जिनिंगवरची माणसं येतात, आणि त्यांना बहुतेक ठिकाणी कोणीच मोजत नाही. मोजलेला छेद आणि काढलेला छेद यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला तर अहवालात दोन्ही लिहा.

माहेरपणाचा गोंधळ स्थलांतराइतकाच मोठा आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात तिसऱ्या महिन्यात झालेली, सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी आली, तिथे दुसरी नोंद झाली, प्रसूती तालुक्याच्या दवाखान्यात, आणि सव्वा महिन्यानंतर बाळ सासरी परतलं. एकाच गरोदरपणाच्या दोन नोंदी, एक प्रसूती तिसऱ्याच ठिकाणी आणि लसीकरणाचे डोस दोन गावांत वाटलेले. सासरच्या गावात ‘नोंद आहे, प्रसूती नाही’ असा खड्डा दिसतो, तर माहेरच्या गावात संस्थात्मक प्रसूती शंभर टक्क्यांच्या वर जाते. नोंद करताना ‘माहेरी आलेली’ असा शेरा आणि सासरच्या आशाताईंचा फोन एवढं लिहिलं तरी निम्मा गुंता सुटतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचं सूत्र वेगळं आहे, तेही इथेच लक्षात घ्या. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे घटना जिथे घडली तिथे तिची नोंद होते, आणि ती 21 दिवसांत द्यायची असते. केज किंवा धारूर तालुक्यातली बाई अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बाळंत झाली, तर जन्म अंबाजोगाईत नोंदला जातो. म्हणून लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई इथले नोंदणीवर आधारलेले जन्मदर आणि मृत्युदर दोन्ही फुगलेले दिसतात, आणि आसपासच्या खेड्यांचे सपाट. शहरात माणसं जास्त मरतात असा निष्कर्ष त्यावरून काढणं ही ठळक चूक आहे. नोंदणीच्या फॉर्मवर आईचा राहण्याचा पत्ता स्वतंत्र रकान्यात असतो. दर काढताना त्या रकान्यावरून काढायचा.

आता फलकावरच्या 1,500 कडे येऊ. लिंग गुणोत्तर म्हणजे आपल्याकडे हजार पुरुषांमागे स्त्रिया. परदेशी तक्त्यांत बहुधा उलट असतं, शंभर स्त्रियांमागे पुरुष. तिथे 105 हा आकडा दिसला तर मुली जास्त असा अर्थ घेऊ नका. शिवाय आपल्याकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाने फिरतात. एकूण लिंग गुणोत्तर सगळ्या वयांचं असतं. त्यात पुण्या-मुंबईला गेलेले पुरुष, बायकांचं जास्त आयुष्य, सगळं मिसळलेलं असतं. बाल लिंग गुणोत्तर शून्य ते सहा वर्षांचं, म्हणजे सात पूर्ण न झालेल्या मुलांचं. आणि जन्मावेळचं लिंग गुणोत्तर फक्त त्या वर्षीच्या जन्मांचं. गर्भातच मुलगी नाकारली जातेय का, हे तिसऱ्यावरून थेट कळतं, दुसऱ्यावरून बऱ्यापैकी, पहिल्यावरून जवळजवळ नाहीच. निसर्गतः शंभर मुलींमागे 105 च्या आसपास मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे 950 मुली.

तुमच्या गावाची वस्ती हजार धरली तर वर्षाला 15 जन्म. त्यात 9 मुली आणि 6 मुलगे आले की गुणोत्तर 1,500. पुढच्या वर्षी 6 मुली, 9 मुलगे, तर 667. दोन्ही वेळा कोणीही काहीही केलेलं नसतं. नाणं पंधरा वेळा उडवलं की असंच होतं. जन्मांची संख्या वाढेल तसा हा हेलकावा कमी होतो. हजार जन्मांवर खरं गुणोत्तर 950 असताना निव्वळ योगायोगाने ते साधारण 840 ते 1,075 यांच्यामध्ये कुठेही पडू शकतं. दहा हजार जन्म असतील तर 915 ते 990. म्हणजे गावाचा, अगदी प्राथमिक आरोग्य केंद्राचा वर्षाचा आकडा सत्कार करायला किंवा नोटीस काढायला वापरायचाच नाही. तालुक्याचे तीन-चार वर्षांचे जन्म एकत्र करून पाहा. जिल्ह्याचा आकडा मात्र गंभीरपणे घ्यायचा, कारण तिथे छेद मोठा आहे.

आणि बीडचा तो आकडा खरोखर गंभीर आहे. 2001 मध्ये जिल्ह्याचं बाल लिंग गुणोत्तर 894 होतं, 2011 मध्ये ते 807 वर आलं, तेव्हा राज्याचं 894 होतं. ‘आमच्याकडे लोक ऊसतोडीला जातात म्हणून असं दिसतं’ हे स्पष्टीकरण ऐकू येतं. ते टिकत नाही. ऊसतोड 2001 मध्येही होती, जनगणना तेव्हाही फेब्रुवारीतच झाली होती, आणि जोडपं निघतं तेव्हा लहान मुलगा-मुलगी दोन्ही बरोबर जातात. छेदाचा दोष कुठे आहे हे सांगायला आपण शिकतो, तसं तो कुठे नाही हेही ठामपणे सांगता आलं पाहिजे. सोनोग्राफी सेंटरच्या तपासण्या आणि एफ फॉर्मची (गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म) छाननी या आकड्याला उत्तर आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा 1994 चा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. हत्यार हातात आहे.

अर्भक मृत्युदरात छेद लोकसंख्या नाही. त्या वर्षीचे हजार जिवंत जन्म हा छेद, आणि एक वर्ष पूर्ण होण्याआधी झालेले मृत्यू हा अंश. 2020 मध्ये महाराष्ट्राचा हा दर 16 होता, देशाचा 28. त्यातले पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू म्हणजे नवजात मृत्यू, आणि बहुतेक अर्भकं याच काळात जातात. हा आकडा बिघडतो तो एका ठिकाणी: बाळ जन्मलं, एकदा कण्हलं, दहा मिनिटांत गेलं, आणि रजिस्टरला लिहिलं ‘मृत जन्म’. घरच्यांना तेच सोपं वाटतं, कधी दवाखान्यालाही. व्याख्या स्पष्ट आहे. श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतलं स्पंदन किंवा स्नायूंची हालचाल, यांतलं एक जरी लक्षण दिसलं तरी तो जिवंत जन्म, आणि त्यानंतरचा मृत्यू हा नवजात मृत्यू. बाळंतपणाच्या वेळी हजर असलेल्या आजीला ‘बाळ रडलं का?’ एवढंच विचारू नका. ‘अंग हललं का? छाती वरखाली झाली का? नाळ उडत होती का?’ असं एकेक विचारा. एखाद्या केंद्रात मृतजन्म खूप आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू शून्य दिसले, तर तिथे नोंदीची अदलाबदल होतेय असं समजून तपासा. यासाठीच प्रसवकालीन मृत्युदर काढतात. त्यात मृतजन्म आणि पहिल्या सात दिवसांचे मृत्यू एकत्र धरले जातात, त्यामुळे इकडची नोंद तिकडे केली तरी बेरीज बदलत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्राची लोकसंख्या 30,000 धरली तर वर्षाला 450 जन्म आणि 16 च्या दराने सात अर्भक मृत्यू. नुसत्या योगायोगाने ते एखाद्या वर्षी 2 आणि एखाद्या वर्षी 12 होऊ शकतात, म्हणजे दर 4 ते 27. ‘गेल्या वर्षीपेक्षा निम्मा केला’ असं सादरीकरणात लिहिण्याआधी तीन वर्षांची सरासरी काढा.

माता मृत्यू प्रमाण तर या पातळीवर काढूच नये. ते एक लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. 2018-20 या काळासाठी महाराष्ट्राचं 33 होतं, देशाचं 97. 450 जन्मांच्या केंद्रात या हिशोबाने सहा-सात वर्षांत एखादा मृत्यू अपेक्षित आहे. तो झाला की त्या वर्षीचं प्रमाण लाखामागे 222 येतं, नाही झाला की शून्य. दोन्ही आकड्यांना अर्थ नाही. इथे प्रमाण सोडून प्रत्येक मृत्यूची संपूर्ण चौकशी करायची: घरून निघायला किती वेळ लागला, वाहन कधी मिळालं, दवाखान्यात पोहोचल्यावर रक्त कधी मिळालं. आणि व्याख्या घट्ट धरा. गरोदरपणात किंवा गरोदरपण संपल्यापासून 42 दिवसांच्या आत, गरोदरपणाशी निगडित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू, गर्भ कितीही आठवड्यांचा असो. तिसऱ्या महिन्यातल्या गर्भपातानंतरचा रक्तस्राव यात येतो, आणि नेमका तोच सुटतो. प्रसूती होऊन महिन्याने कावीळ बळावून गेलेली बाईही सुटते, कारण तोवर तिला कोणी ‘बाळंतीण’ म्हणत नाही. पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या बाईचा कुठलाही मृत्यू कानावर आला की पहिला प्रश्न गरोदरपणाचा विचारा.

सर्वसाधारण मृत्युदर, म्हणजे हजार लोकसंख्येमागे वर्षातले मृत्यू, हा सगळ्यांत फसवा. 2020 मध्ये केरळचा मृत्युदर 7 होता आणि बिहारचा 5.4. अर्भक मृत्युदर मात्र केरळचा 6, बिहारचा 27. केरळमध्ये म्हातारी माणसं जास्त, एवढंच त्याचं कारण. आपल्याकडेही तसंच आहे. तरणी पोरं पुण्याला, म्हातारी गावात. समजा, अशा गावात हजारात 200 जण साठीच्या वरचे आहेत आणि त्यांचा मृत्युदर हजारी 35, बाकी 800 जणांचा अडीच. वर्षाला 7 अधिक 2, असे 9 मृत्यू. वाळूजकडच्या एखाद्या कामगार वस्तीत हजारात साठीवरचे फक्त 60, त्यांचा दर 45, बाकीच्यांचा 3. एकूण मृत्यू साडेपाच. वस्तीत प्रत्येक वयाला धोका जास्त आहे, तरी दर कमी दिसतो. दोघांना एकाच वयरचनेवर बसवा, हजारात 100 वृद्ध धरा, की गावाचा दर 5.75 होतो आणि वस्तीचा 7.2. याला वय-प्रमाणित दर म्हणतात. तो काढता येत नसेल तर निदान वयोगटानुसार आकडे शेजारी शेजारी ठेवा.

जन्मदर आणि एकूण प्रजनन दर यांत विद्यार्थी नेहमी गोंधळतात. जन्मदराच्या छेदात आजोबाही असतात. एकूण प्रजनन दर बायकांवरच काढतात: 15-19 पासून 45-49 पर्यंत सात वयोगट घ्यायचे, प्रत्येक गटात हजार बायकांमागे वर्षात किती जन्म ते काढायचं, सातही दरांची बेरीज करून पाचने गुणायचं आणि हजाराने भागायचं. आजच्या दराने एका बाईला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील ते त्यातून कळतं. 2.1 ही प्रतिस्थापन पातळी, म्हणजे पिढी जेवढ्यास तेवढी राहण्याची. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा दर 1.7 होता.

1.7 ऐकून समाधान मानू नका. त्याच सर्वेक्षणात, 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी ज्यांचं लग्न अठराच्या आत झालं, त्या परभणीत 48 टक्के आणि बीडमध्ये 43.7 टक्के निघाल्या. राज्याची सरासरी 21.9. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी पहिलं, एकविसाव्या वर्षी दुसरं आणि तेविसाव्या वर्षी ऑपरेशन. या मुलीचा प्रजनन दर दोनच आहे. पण तिचं अंग भरायच्या आत बाळंतपणं झाली, बाळ अडीच किलोच्या खाली जन्मलं, रक्तात हिमोग्लोबिन नाही. शिवाय दोन पिढ्यांतलं अंतर कमी पडतं. विसाव्या वर्षी आई होणाऱ्या घराण्यात शंभर वर्षांत पाच पिढ्या होतात, पंचविसाव्या वर्षी होणाऱ्यात चार. प्रजनन दर सारखा असूनही एकाच वेळी जिवंत असलेली माणसं जास्त. म्हणून तुमच्या अहवालात मातेचं पहिल्या प्रसूतीवेळचं वय हा रकाना प्रजनन दराहून जास्त बोलका आहे. आधार कार्डावरच्या जन्मतारखेची शाळेच्या दाखल्याशी पडताळणी केल्याशिवाय तो भरू नका.

आजारांच्या संज्ञांत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. ठरावीक काळात नव्याने किती जण आजारी पडले तो नवरुग्ण दर. एका वेळी एकूण किती जणांना तो आजार आहे ती व्याप्ती. आजार लांबला की व्याप्ती वाढते. साखरेचे रुग्ण औषधाने जास्त जगू लागले की मधुमेहाची व्याप्ती चढते, नवे रुग्ण तेवढेच असले तरी.

बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं उदाहरण घ्या. 2019 मध्ये सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 महिलांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं, म्हणजे 16.8 टक्के. ही व्याप्ती आहे. काढलेलं गर्भाशय परत येत नाही, म्हणून ती वयाबरोबर साचत जाते. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या बायकांत देशभरात हे प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन आकडे शेजारी ठेवताना वयोगट सारखे आहेत का ते पाहायलाच हवं. तरीही एवढी मोठी तफावत वयरचनेने पूर्ण भरून निघेल असं मला वाटत नाही. मात्र ‘आता हे थांबलं का?’ या प्रश्नाचं उत्तर व्याप्तीत कधीच मिळणार नाही. त्यासाठी दरवर्षी, पस्तिशीच्या आतल्या, गर्भाशय शाबूत असलेल्या किती बायकांवर नव्याने शस्त्रक्रिया झाली हे मोजावं लागेल. छेदातून आधीच शस्त्रक्रिया झालेल्या वगळायच्या, हे विसरू नका.

साथ म्हणजे त्या जागी, त्या दिवसांत नेहमी अपेक्षित असतात त्याहून जास्त रुग्ण. पावसाळ्यात जुलाबाचे पाच रुग्ण साथ नसतील, पण पटकीचा (कॉलराचा) एकच रुग्ण पुरतो. साथीत लागतो तो बाधा दर, म्हणजे धोक्याशी संबंध आलेल्यांपैकी किती टक्के आजारी पडले. उपवासाच्या दिवशी भगरीतून विषबाधा हा आपल्याकडचा नेहमीचा प्रसंग घ्या. दवाखान्यात 226 जण आले, ‘सगळ्यांनी भगर खाल्ली होती’ असा अहवाल गेला, आणि चौकशी तिथेच संपली. यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण एकादशीला गावात बहुतेकांनी भगर खाल्लेली असते. आजारी न पडलेल्यांना विचारावं लागतं. समजा, भगर खाल्लेले 400, त्यांतले आजारी 220, म्हणजे 55 टक्के. न खाल्लेले 150, आजारी 6, म्हणजे 4 टक्के. धोका जवळपास चौदा पट. आता बोलता येतं. मग भगर खाल्लेल्यांतच पुन्हा विभागणी करा: सुटं पीठ आणलेले, पाकीटबंद आणलेले, घरी दळलेले. पुढे दुकान सापडतं. शेंगदाण्याच्या आमटीचा आणि त्या दिवशीच्या टँकरच्या पाण्याचा हाच तक्ता वेगळा मांडा, आणि हे सगळं 48 तासांत करा. नंतर कोणालाच आठवत नाही, आणि उरलेलं पीठ उकिरड्यावर गेलेलं असतं.

घनतेबद्दल थोडंच सांगते. 2011 मध्ये बीडची घनता चौरस किलोमीटरला 242 होती, लातूरची 343. मुंबई उपनगरची 20,980. सपाट भागात 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष लावला, तर बीडमध्ये एका केंद्राच्या वाट्याला 124 चौरस किलोमीटर येतात, लातूरमध्ये 87, मुंबई उपनगरात दीडसुद्धा नाही. निकष एक, पण गरोदर बाईला कापावं लागणारं अंतर वेगळं. किनवट-माहूरच्या डोंगराळ आदिवासी पट्ट्यासाठी 20,000 चा निकष आहे तो याचसाठी.

जुन्या आकड्यांशी तुलना करताना जिल्ह्यांच्या सीमा तपासा. जालना 1981 मध्ये औरंगाबादपासून वेगळा झाला, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादपासून, हिंगोली 1999 मध्ये परभणीपासून. 1991 ची परभणी आणि 2011 ची परभणी शेजारी ठेवली की लोकसंख्या घटलेली दिसते. 2011 चे परभणीचे 18,36,086 आणि हिंगोलीचे 11,77,345 मिळवा, मग तुलना करा.

पुढच्या जनगणनेचा संदर्भ क्षण 1 मार्च 2027 ठरला आहे, म्हणजे मोजणी पुन्हा फेब्रुवारीत, पुन्हा हंगामात. तुमची गणपतीतली यादी तेव्हा कामाला येईल. जानेवारीत तिच्यातला दुसरा रकाना, बाहेर गेलेल्यांचा, आशाताईंना घेऊन एकदा फोनवर ताजा करा. कोण कोणत्या कारखान्यावर, कोपीत किती माणसं, किती गरोदर, किती सात वर्षांखालची. प्रत्येक कुटुंबाला सांगा की मोजणीदार फडावर आला नाही तर मुकादमामार्फत तिथल्या ग्रामपंचायतीला कळवा. आणि तारखेसह त्या यादीची एक प्रत उपकेंद्रात जपून ठेवा, कारण नवे आकडे हाती आल्यावर गावाचा खरा छेद किती होता हे तीच सांगेल.